माटोळीखालचा काळा डाग

ते प्रकरण आठवलं की आजही आमच्या ठाण्यातला स्कॅनर डोळ्यांसमोर येतो. नोकरीत चोर पुष्कळ पाहिले, पण यंत्राच्या बटणांत इतका कधी रमलो नव्हतो.

पेडणे तालुक्यातल्या एका विधवा काकूंच्या घरातून पिढीजात पितळी लामणदिवा गेला. संशय घराची भिंत बांधणाऱ्या बेळगावकडच्या गवंड्यावर; त्याला आम्ही कोठडीत ठेवलं होतं. काकूंचा पुतण्या रोज ठाण्यात येऊन सांगायचा, "भायलो मनीस, साहेब. दोन लावा, म्हणजे बोलतलो." गवंडी एवढंच म्हणे, "चोर म्हणून नाव झालं तर मला परत कोण घरात घेणार?" त्याचा जबाब एकदाही बदलला नाही. खोटं बोलणारा दर वेळी गोष्ट थोडी सजवतो, हा माझा अनुभव.

मग खबऱ्याने टीप दिली, मोरजीला जुन्या वस्तूंच्या दुकानात तसा दिवा टांगलाय. आम्ही दिवा जप्त केला. दुकानदार मात्र ढिम्म. "असले दिवे घरोघरी आहेत. हा माझ्या आजोळचा." काकूंकडे पुरावा एकच, चतुर्थीचा जुना फोटो. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधलेली, समोर कुटुंब, आणि माटोळीच्या सावलीत दिवा. स्कॅन केला तर दिव्याच्या जागी नुसता काळा डाग!

"फोटोच खराब आहे," हवालदार म्हणाला. मला पटेना. भिंगातून साखळी पुसटशी दिसत होती, मग यंत्राने ती का गिळावी? सेटिंग उघडलं आणि कपाळावर हात मारला. वर्षानुवर्षं त्यावर पंचनामेच स्कॅन केलेले. अक्षरं ठळक यावीत म्हणून फिकं ते पांढरं, गडद ते काळं, असं लावून ठेवलेलं. काच पुसली, रंगीत फोटोचा पर्याय निवडला, रिझोल्यूशन वाढवलं, आपोआप होणारी सुधारणा बंद केली आणि सावल्या हळूहळू उजळत नेल्या. अहाहा! डागातून साखळी बाहेर आली. एका तुटक्या कडीच्या जागी तांब्याची तार पिळून घातलेली. जप्त दिव्याला तीच तार, तसाच पीळ. बहुधा काकूंच्या दिवंगत यजमानांनी कधीतरी केलेली ती जोडणी खुद्द काकूंनाही ठाऊक नव्हती.

दुकानदारापुढे फोटो आणि दिवा ठेवला आणि चहा मागवला. चहा यायच्या आत त्याने विकणाऱ्याचं नाव सांगितलं. पुतण्या! मोठ्या केलेल्या फोटोत तोच, लहानपणी, काकूंच्या मांडीवर बसलेला. काकूंनी दिव्याकडे पाहिलंच नाही. "ह्येका मीच ल्हानाचो मोठो केलंय, साहेब," म्हणाल्या आणि रडू लागल्या. मलाही फार वाईट वाटलं.

तेव्हापासून पुरावा दिसत नाही असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, बघितलं कशातून?

गवंड्याला सोडलं त्या दिवशी काकू ठाण्यात आल्या. घराची चावी त्याच्यापुढे धरली. "मी डिचोलीक भयणीकडे जातंय. तू भिंत पुरी कर."

त्याने हात जोडले. "भिंत बांधतो, काकू. पण चावी नको. तुम्ही घरात असाल तेव्हाच येईन."

काकू चावी धरून तशाच उभ्या राहिल्या.