उत्तरेची जाड रेषा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. अप्पांना नाही, आणि जिला सांगायला हवं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून कदाचित जमेल.

मी तंजावूरची, राजवाड्यामागच्या गल्लीतली. घरी मराठी, बाहेर तमिळ, शाळा इंग्रजी. मराठी मला फक्त कानाने आली. ही देवनागरी अक्षरं मी पंचविसाव्या वर्षी शिकले. का शिकले, ते पुढे येईलच.

पाणथळ जागांचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी नोकरी करते. इथून बसने अडीच तासांवर, समुद्रकाठच्या एका शहरातून कावेरीचा एक फाटा जातो. पूर्वी ती खाडी होती. भरतीचं खारं पाणी आत यायचं, काठाला तिवरं, चिखलात कोळंबी. मग तळ, काठ, सगळं काँक्रीट झालं आणि उरलं ते गटार. आम्हाला काँक्रीट फोडून समुद्र पुन्हा आत घ्यायचा होता. एकाच जागी — परवानगी तेवढीच. कुठे, एवढाच प्रश्न. आणि त्यावर किती बैठका! दर वेळी कॉफी, दर वेळी नवा नकाशा, आणि निर्णय पुढच्या बैठकीत.

मग आमच्या संस्थेच्या सरांना तिथल्या एका जुन्या घरातून कागद मिळाला. मराठ्यांच्या वेळचा, मोडीतला. पाण्याचं रेखाटन, उत्तरेला एक जाड रेषा, दक्षिणेला एक बारीक, दोन्हींपाशी काही मजकूर. सर खुशीत माझ्या टेबलाशी आले. “तुमचीच भाषा! वाचता येतं ना?”

मी हो म्हटलं.

का म्हटलं? ऑफिसात पहिल्यांदाच कुणाला माझ्याकडचं काही हवं होतं — पण कारणं द्यायला मी बसलेले नाही. आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून, मोडी वाचणारे काका राहतात. लहानपणी त्यांनी शिकायला बोलावलं, तेव्हा मी त्यांना इंग्रजीत नाही म्हटलं होतं. आता कोणत्या तोंडाने जाणार? आठवडाभर कागद पिशवीत घेऊन त्यांच्या दारावरून ये-जा केली. शेवटी ठरवून टाकलं — जाड रेषा म्हणजे मोठं पाणी. तसं टिपण करून दिलं.

इथवर ती चूक होती असं म्हणता येईल. पुढचं नाही.

शाळेच्या हॉलमध्ये लोकांची सभा भरली. मुत्तुलक्ष्मी अक्का उठली. पन्नाशीची बाई. काँक्रीट होण्याआधी ती आणि तिची आई कमरेला ताडपानांची टोपली बांधून त्या चिखलात हातांनी कोळंबी धरायच्या. “समुद्र दक्षिणेच्या वळणातून येतो,” ती म्हणाली. “उत्तरेला कसला? तिथे आम्ही शेळ्या बांधायचो.” लोक हसले. सर म्हणाले, जुन्या कागदात उत्तर दिशाच लिहिली आहे. “राजाच्या कागदाने कधी कोळंबी धरली होती का?” पुन्हा हशा. सर चिडले. माझ्याकडे वळले — “वाचून दाखवा त्यांना.”

आणि मी उभी राहिले. कागद समोर धरला. मराठीत वाचलं — मोठ्याने, ओळीवरून बोट फिरवत, मध्येच एखादं अक्षर लागत नसल्यासारखं थांबत. “उत्तरेच्या तोंडाने समुद्र आत येतो, नावा येथूनच येतात.” नावा! त्या मी उभ्या उभ्या घातल्या. हॉलमध्ये एकालाही मराठी येत नव्हती. मग तमिळमध्ये अर्थ सांगितला. अप्पा ज्या भाषेत मला हाक मारतात, तिचा मी असा उपयोग केला.

अक्का खाली बसली. “लिहिलेलंच आहे म्हणतेस, कण्णु, तर मी काय बोलू?” कण्णु — लेकराला लाडाने म्हणतात तसं.

उत्तरेला फोडलं. खाली दगडासारखी माती लागली. भरती आतपर्यंत येतच नाही. पावसाचं पाणी साचतं, काळं पडतं. आम्ही लावलेली तिवराची रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. अहवालात ‘प्रगती अपेक्षेपेक्षा संथ’ असं लिहिलं गेलं — तेही वाक्य माझंच. योजना संपली. दक्षिणेच्या वळणावरचं काँक्रीट आहे तसंच आहे. अक्का रोज बसने दुसऱ्या गावी जाते, शेडमध्ये उभी राहून दुसऱ्यांनी धरलेली कोळंबी सोलायला.

तेव्हा कुठे मी काकांकडे गेले. त्यांनी कागदासाठी हात पुढे केला. कागद मिनिटभरात वाचून दाखवला, मग पाटी पुढे सरकवली. “बस.” आधी ही अक्षरं शिकवली, मग मोडी.

गेल्या महिन्यात बसस्टँडवर अक्का भेटली. बोटांना चिरा पडलेल्या. ती ओरडेल म्हणून मी उभी राहिले — ओरडावं असं वाटतही होतं. ती म्हणाली, “कागद कसा खोटा असेल? समुद्रानेच वाट बदलली असणार. काय होतं ते, कण्णु? तुझ्या भाषेत म्हण ना पुन्हा. ऐकायला गोड होतं.”

आता मला वाचता येत होतं.

मी म्हटलं. तेच. नावांसकट.

कागदावर आहे ते असं. उत्तरेच्या जाड रेषेपाशी — समुद्राचे पाणी शेतात येऊ नये म्हणून येथे बांध घातला. दक्षिणेच्या वळणावर, बारीक रेषेपाशी — भरती येथून येते.