मेट्रनबाईंचं उलटं घड्याळ

पुण्यातल्या इतर चर्चमध्ये उपदेश वेळेवर संपत असेल, तर त्याचं श्रेय कुणाला द्यायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. आमच्या मंडळीत ते वर्षानुवर्षं एकाच व्यक्तीकडे आहे, आणि ती व्यक्ती म्हणजे माझ्या नणंदेच्या सासूबाई. सरकारी इस्पितळातून त्या मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या, पण ही बातमी इस्पितळालाच कळली; त्यांना स्वतःला कुणी कळवलं नसावं. अख्खी मंडळी त्यांना मेट्रनबाई म्हणते, पाळकसाहेबांसकट. पांढरी सुती साडी, आणि खांद्याखाली पिनेनं अडकवलेलं नर्सचं घड्याळ. हे घड्याळ उलटं लटकतं, त्यामुळे वेळ फक्त लावणाऱ्यालाच दिसते, समोरच्याला नाही. उपदेश सुरू झाला की त्या ते तळहातावर घेत. वीस मिनिटं झाली की चष्मा काढून डबीत ठेवत आणि डबी टक्कन बंद करत. तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाई. हे पाळकसाहेब नवीन आले तेव्हा पहिल्याच रविवारी पस्तीस मिनिटं बोलले. उपासनेनंतर दारात त्यांनी हात पुढे केला, तर मेट्रनबाईंनी मनगटच धरलं आणि मिनिटभर सोडलं नाही. "ठोके अठ्ठ्याण्णव," त्या म्हणाल्या. "अहो साहेब, एवढं बोलणं तुम्हालाही झेपत नाही. आमचं तर सोडाच."

सलाम करायला गेलेल्या माणसाची त्या आधी जीभ बघत. लग्नाच्या पंगतीत मधुमेह्यांच्या पानातली जिलबी उचलून शेजारच्याच्या पानात टाकत, आणि शेजारच्याला वजन विचारत. पण त्यांचा खरा जीव होता विश्रांतवाडीतल्या एका खोलीत. ही खोली आमच्या मंडळीनं भाड्यानं घेतलेली. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता मेट्रनबाई तिथे बसून न भरणाऱ्या जखमांची मलमपट्टी करत. रिक्षावाले, धुणंभांडं करणाऱ्या बाया, मशिदीशेजारचे म्हातारे शिंपी चाचा, सगळे रांगेत. येणाऱ्याला धर्म विचारायचा नाही, फक्त "पाय धुऊन आलास का?" एवढंच विचारायचं, हा त्यांचा नियम होता.

एका वर्षी आमच्या चर्चच्या छपराची कौलं फुटली आणि गळती नेमकी गायकवर्गाच्या डोक्यावर लागली. पंच कमिटीची मी सेक्रेटरी. पुढच्या वर्षाचं सेवाकार्य ठरवायची बैठक होती आणि शिल्लक अशी होती की छप्पर तरी होईल, नाहीतर खोली तरी चालेल. मी व्यवहारी बाई आहे. खोली बंद करण्याचा ठराव मीच लिहिला आणि मीच वाचला. हिंजवडीत नोकरी करणारा आमचा एक तरुण पंच म्हणाला, "आँटी, आपण सेवाकार्य बंद नाही करत. ऑनलाइन हेल्थ टिप्स पाठवू. कॉस्ट झीरो."

"पाठव की," मेट्रनबाई म्हणाल्या. "आणि पू आला की तोही ऑनलाइन काढ."

मग माझ्याकडे वळल्या. "सेक्रेटरीणबाई, अक्षर सुरेख आहे तुमचं. ठरावावर वाया घालवलंत."

मला राग आला, कारण ठरावात चूक नव्हती. अखेर असं ठरलं, की कापणीच्या सणाच्या लिलावात खोलीचं वर्षाचं भाडं निघालं तर खोली राहील, नाहीतर महिनाअखेरीस किल्ली परत.

कापणीच्या सणाला आमच्याकडे प्रत्येक जण काहीतरी आणून वेदीपुढे ठेवतो: भोपळा, नारळ, कोंबडी, केक. उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. वस्तू घेणारा पैसे देतो आणि "पुन्हा" म्हणून वस्तू परत टेबलावर ठेवतो. एकेक अंडं नऊ-नऊ वेळा विकलं जातं. ही रीत मेट्रनबाईंना कधीच मान्य नव्हती. एकदा त्यांनी कोंबडीच्या किमतीला एक अंडं घेतलं आणि सरळ पिशवीत टाकलं. सगळे बघत राहिले. "पेशंटला प्रोटीन लागतं," त्या म्हणाल्या, "'पुन्हा' लागत नाही."

त्या वर्षी भोपळे संपले, केक संपले, तरी भाडं निम्मंच निघालं होतं. तेव्हा मेट्रनबाई उठल्या, खांद्यावरची पिन काढली आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. खजिनदारांनी चाचरत बोली पुकारली. दोघा-तिघांनी घेतलं आणि घाईघाईनं "पुन्हा" म्हटलं. मग मागून पाळकसाहेबांचा आवाज आला. त्यांनी बोली एकदम दुप्पट केली.

"साहेब, पुन्हाच ना?" खजिनदारांनी विचारलं.

"नाही. मी मेट्रनबाईंची रीत पाळणार. घरी नेणार."

ह्याचा अर्थ लोकांच्या डोक्यात उतरायला दोन क्षण लागले. घड्याळ पाळकसाहेबांकडे गेलं, तर उपदेशाला अंत उरणार नव्हता. त्यानंतर आमच्या मंडळीनं जे औदार्य दाखवलं तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ज्यांनी कधी नारळाच्या पुढे बोली लावली नव्हती ते बायकोची पर्स उघडत होते. हिंजवडीचा तो मुलगा ओरडला, "साहेब, प्लीज, रविवारी आमची मॅच असते!" पाळकसाहेब शांतपणे वाढवतच होते. भाडं पुरेपूर निघालं तरी कुणी थांबेना. शेवटची बोली कुणाची, हे मला आजूबाजूचे टाळ्या वाजवायला लागले तेव्हा कळलं. ती माझी होती. नव्या मिक्सरचे पैसे गेले.

नंतर मी पाळकसाहेबांना गाठलं. "बोली तुमच्यावर थांबली असती तर?"

त्यांनी पांढऱ्या झग्यावरून हात फिरवून दाखवला. "ह्याला खिसाच नाही हो," ते म्हणाले.

मी घड्याळ घेऊन मेट्रनबाईंकडे गेले. "घ्या. तुमचं तुम्हाला."

"विकत घेतलंस ना?" त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं. "मग मंगळवारी तीनला विश्रांतवाडीला ये. नाडी मोजायला घड्याळ लागतं, आणि ते आता तुझ्याकडे आहे."

छपराचा खर्च अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला, म्हणून त्यावर आम्ही ताडपत्री टाकली. गायकवर्ग दोन पावसाळे तिच्याखाली उभा राहून गायला, आणि मला विचाराल तर आधीपेक्षा बरा गायला. खोली आजही चालू आहे. तो ठराव माझ्या हस्ताक्षरात फायलीत तसाच आहे; मी तो काढलेला नाही. आपण किती नीट लिहून किती चुकीचं वागू शकतो, ते अधूनमधून वाचायला बरं असतं.

मेट्रनबाई आता अंथरुणाला खिळून आहेत. डोळ्यांना फारसं दिसत नाही. मंगळवारी खोलीवर जाण्याआधी मी त्यांच्याकडे डोकावते. परवा त्यांनी मनगट पुढे केलं. "मोज." मी घड्याळ तळहातावर घेतलं आणि पूर्ण मिनिटभर मोजलं. ठोके मध्येच चुकत होते.

"किती?"

"बहात्तर."

"पेशंटशी खोटं बोलायचं नाही, हे शिकवायचं राहिलंच," त्या म्हणाल्या. मनगट मात्र माझ्या हातातून काढून घेतलं नाही. मीही सोडलं नाही.

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "किती वाजले?"

"अडीच."

"मग बसलीस काय अशी? रांग लागली असेल."