नाक्यावरचा बॅनर आणि परत पंधरावी

बी.एस्सी. झाले तेव्हा बाबांनी वडप्याच्या नाक्यावर माझा बॅनर लावला. काळा कोट, चौकोनी टोपी, आणि चेहरा एवढा गोरा केलेला की आईनेसुद्धा दोनदा बघितलं. खाली सगळ्या भावकीचे फोटो. आमच्याकडे पोरगी शिकली की काकांचे फोटो छापतात. त्या बॅनरने पुढे वर्षभर माझं डोकं खाल्लं.

मला एम.एस्सी. करायची होती, संख्याशास्त्रात. पहिली दोन वर्षं मी गणित आणि संख्याशास्त्र दोन्ही घेतलं होतं, पण जीव जडला तो संख्याशास्त्रावर. आपलं उत्तर किती चुकू शकतं हेसुद्धा मोजता येतं, याचंच मला केवढं अप्रूप! तिसऱ्या वर्षाला मात्र भिवंडीच्या आमच्या कॉलेजात तो विषयच बंद केला. का? तर घेणाऱ्या आम्ही तिघीच. "बॅच होत नाही," सर बोलले, "गणित घ्या, सगळं एकच आहे." घेतलं. मग एम.एस्सी.च्या प्रवेशाला गेले, तर खिडकीतल्या बाईंचा पहिला प्रश्न, "तिसऱ्या वर्षाला स्टॅट होतं का?" नव्हतं. "मग नाही बसत." एकच आहे म्हणे! एकच असेल तर घ्या ना मला!

मग मी रस्ते शोधत फिरले. एका मोठ्या संस्थेची प्रवेश परीक्षा असते, तिथे गणितवालेही चालतात. दिली, नंबर लागला नाही. घरबसल्या, पत्राद्वारे कर, असं एका मैत्रिणीने सुचवलं. आमच्या घरात घरबसल्या म्हणजे भाकऱ्या थापता थापता. एका शहाण्याने कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स सांगितला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला! शेवटी उरलं एकच. ठाण्याच्या एका कॉलेजात तिसरं वर्ष पुन्हा करायचं, या वेळी संख्याशास्त्र घेऊन.

बाबा जेवत होते. ऐकून घास हातातच राहिला.

"परत पंधरावी? नाक्यावर बॅनर लावलाय तुझा! लोक बोलतील, नापास पोरीचा बॅनर लावला."

"नापास कुठे, बाबा? विषय वेगळा आहे."

"लोकांना विषय कलत न्हाय. लोकांना पंधरावी कलते."

मी चिडले, रडले, ताटावरून उठले. आईच मध्ये पडली तेव्हा कुठे "कर काय करायचं ते" बोलून बाबा हात धुवायला गेले.

मग रोज मानकोलीवरून ठाणं. ट्रकच्या रांगेत रिक्षा अडकायची आणि शेजारची बाई हमखास विचारायची, "काय गो, परत कॉलेजात? राहिलीस का?" एका हळदीत तर लांबच्या मावशीने माझी हनुवटी धरली. "वाईट नको वाटून घेऊ गो. माझा पोरगापण दोनदा बसला." मी तिला समजवायला लागले, की प्रवेशाला तिसऱ्या वर्षाचा विषय लागतो, नियमच तसा आहे, तेवढ्यात डीजे सुरू झाला. संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून तिची खात्रीच पटली.

परीक्षेच्या तोंडावर तर कहर झाला. मी आतल्या खोलीत वाचत बसले होते. बाहेर ओटीवर बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ आपल्या मुलासाठी मला मागणी घालायला आले होते. "पोर शिकलेली हाय तुमची, म्हणून आलो."

"कसली शिकलेली?" बाबांचा आवाज एकदम थंड. "नापास हाय ती. परत बसवलीय."

"मग तो बॅनर?"

"घाईत लावला."

गृहस्थांनी चहा संपवला आणि निघाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरातरा बाहेर आले. "गाव बोललं ते बोललं, बाबा, तुम्हीपण?"

बाबा ओटीवरचे कप उचलत होते. माझ्याकडे बघितलंही नाही.

"यो तिसरा. तिघांनाही ह्येच सांगितलं. पास बोललो असतो तर काकांनी तुझा मांडव घातला असता मे महिन्यात. जा, वाच."

मी गेले. पुस्तक उघडलं, पण बराच वेळ एक अक्षर दिसलं नाही. लोक काय बोलतील म्हणून घास थांबलेला तोच हा माणूस.

निकाल चांगला लागला आणि एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. त्याच खिडकीतल्या, त्याच बाईंनी दिला. संध्याकाळी काका पेढे घेऊन आले आणि आल्या आल्या बॅनरवाल्याला फोन लावायला निघाले. बाबांनी त्यांच्या हातातला मोबाइल काढून घेतला.

"बॅनर न्हाय," ते बोलले. मग माझ्याकडे वळून, "किती वर्षांचं हाय ह्ये?"

"दोन."

"मग अजून दोन वर्षं नापासच रहा."