दुसऱ्याचा दम

बाटलीचा तळ कापायचा, तोंडातून वाय आकाराची नळी आत सोडायची, तिच्या दोन टोकांना दोन फुगे बांधायचे आणि तळाला एक मोठा फुगा ताणून बसवायचा. तो खाली ओढला की आतले दोन्ही फुगे फुगतात. मोठा फुगा म्हणजे आपलं श्वासपटल, आतले दोन म्हणजे फुप्फुसं. कोपरगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी दरवर्षी हा तास घेते. पोरं ‘बाई, मला ओढू द्या’ करून नुसता गोंधळ घालतात. तर अशी मी विज्ञानाची बाई, आणि मला माझ्याच घरात गंडवलं.

आमचे हे साखर कारखान्यात, बगॅसच्या यार्डात. रस काढून उरलेला उसाचा वाळका चोथा म्हणजे बगॅस. हंगामात त्याचा डोंगर उभा राहतो आणि भुकटी दिवसभर हवेत उडते. हंगाम संपला की कामगारांची छाती तपासायला गाडी यायची. नळीत जीव खाऊन फुंकायचं. ज्याचा दम कमी भरेल, त्याला यार्डातून काढून गेटवर बसवायचे. गेटवर बसला तो गडी संपला, असं या सगळ्यांचं मत. काय तर म्हणे, काठी घेऊन बसलेल्याला कोण विचारतं!

तीन वर्षं यांना जिना चढताना धाप लागत होती. मी विचारलं की कपाटातून तपासणीचा कागद काढून पुढे धरायचे. “हे बघ, छाती ठणठणीत. तुझं आपलं काहीतरीच.” मी कागद वाचायचे आणि गप्प बसायचे. एकदा तर तो वर्गात दाखवला, निरोगी माणसाचा श्वास कसा असतो म्हणून. आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

मग एकदा बाजारातून येताना हे रस्त्यातच बसले. ओठ निळे. नगरच्या डॉक्टरांनी तशीच नळी तोंडात दिली. पडद्यावरची रेघ जराशी उठली आणि आडवी झाली.

“वायुकोशांच्या भिंती जाड झाल्यात, ऑक्सिजन रक्तात पोचत नाही,” डॉक्टर म्हणाले. “हे एका वर्षात होत नसतं.”

मी गेल्या वर्षीचा कागद पुढे केला. त्यांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा यांच्याकडे. “हा दम यांचा नाही, बाई.”

यांनी मान खाली घातली. कुणाचा, ते मला बाहेर व्हरांड्यात कळलं. माझा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात आहे, तालमीत घुमलेला. भिंतीला टेकून रडत होता.

“ताई, दाजींनी शपथ घातली हुती. त्यांच्या नंबरावर मीच फुकायचो.”

“तिन्ही वर्षं?”

“व्हय.”

“अरे मेल्या, वेळेवर कळलं असतं तर त्या धुळीतून बाहेर तरी काढलं असतं यांना!”

यांचा राग आलाच. पण पाठच्या भावानं केसानं गळा कापला, ते जास्त लागलं.

आता घरात ऑक्सिजनचं मशीन आहे, यांच्या नाकाला दिवसभर नळी. मशीन चालू असताना जवळ काडीसुद्धा पेटवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. नळी काढली की थोड्या वेळात ओठ काळवंडतात.

भाऊबीजेला भाऊ आला, दारातच उभा राहिला. मी पाट मांडला नाही, ताट केलं नाही. खाटेवरून हे म्हणाले, “ओवाळ त्याला... माझ्यासमोर... चूक माझी...” दोन शब्दांना एक श्वास.

“इथं दिवा लावता येत नाही, माहीत आहे ना?” मी म्हटलं. वाटलं, सुटले.

यांनी मशीनचं बटण बंद केलं. नाकातली नळी काढून उशीवर ठेवली. “लाव आता.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परत त्याच श्वासाशी खेळ, आणि परत याच भावाला सोबत घेऊन! मी झडप घालून नळी उचलली, यांच्या नाकाला लावली, बटण दाबलं.

मी भावाला म्हणाले, “जा तू. तुला ओवाळायचं तर यांचा श्वास बंद करावा लागतोय.”

तो दारातूनच गेला. मी त्याला परत बोलावलं नाही.