धवल्याची राहिलेली ओळ

माझी बायको धवलारीण होती. आमच्याकडे मांडव घातल्यापासून पोरगी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. ते म्हणणारी बाई आल्याशिवाय हळद लागत नाही. खारबावच्या आसपासच्या कितीतरी पोरी हिने धवले म्हणून सासरी धाडल्या. होळीच्या आधी ती गेली. आजारी पडली आणि गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मी चौथी शिकलेला. भिवंडीत लूमवर जन्म काढला. कवितेशी माझा संबंध शाळेत पाठ न झाल्याबद्दल मार खाल्ला तेवढाच. पण सून वडपे गावाच्या गोदामात कामाला जाते, तिथे जेवणाच्या सुट्टीत मोबाईल बघत बसते. एक दिवस चप्पल काढता काढताच म्हणाली, "बाबा, कवितेची स्पर्धा हाय. फुकट. कुठल्याबी भाषेत चालतं. निवडलेल्या कवितांचं पुस्तक काढणार हायेत."

"मग मी काय करू? नाचू?"

"तुमचं कोन बोलतंय? आईंचा धवला पाठवू."

मला ते पटलं. हिचा फोटो भिंतीवर आहे, पण ती जे करायची ते कुठेच नाही. पुस्तकात आलं तर कुठेतरी राहील.

अडचण अशी की कविता स्वतःची पाहिजे होती. हिचे बाकीचे धवले जुने, हिला हिच्या आत्याने दिलेले. हिचा स्वतःचा एकच, आमच्या मुलीच्या लग्नात पाठवणीला म्हटलेला. तो मी ऐकलेला नाही. पोरीचा बाप मांडवात थोडाच बसतो? मी मागे जेवणाच्या पातेल्यांपाशी आचाऱ्याशी भांडत होतो. नंतर हिला विचारलं, काय म्हटलंस गं? तर म्हणाली, "मांडवातलं मांडवात." घरात तिने तो कधी उच्चारला नाही.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मी रडत होते. बँजो वाजत होता. आई काय म्हणत होती ते देवाला ठाऊक."

मग लग्नाच्या शूटिंगची सीडी कपाटातून काढली. सुनेने टीव्हीला लावून दिली. पाठवणीच्या जागी शूटिंगवाल्याने सगळा आवाज काढून वर सिनेमाचं गाणं चढवलेलं. हिचं तोंड हलतंय आणि आवाज कुठल्यातरी नटीचा. सुनेने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "आवाज बंद कर."

लूमच्या कारखान्यात कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. आम्ही तोंडाकडे बघून बोलायचो. समोरच्या रांगेतला बिहारी त्याच्या हिंदीत शिवी देतोय की चहा मागवतोय हे मला ओठांवरून कळायचं. पुढे कान अर्धे गेले, पण ही सवय राहिली. घरातही मी हिच्या तोंडाकडे बघूनच ऐकायचो. मी पाठ फिरवली की ही म्हणायची, "झाला बंद रेडिओ."

तर मी टीव्हीसमोर बसलो. रोज संध्याकाळी. सून भाकऱ्या टाकता टाकता मधेच उठून मागे घेऊन द्यायची, मी परत बघायचो. वाईट खोड म्हणजे ही दर ओळीआधी पदराने तोंड पुसते. नाकावर घाम, टिकली थोडी सरकलेली. पहिले दोन दिवस मी शब्द बघितलेच नाहीत. जिवंत बाई समोर तोंड हलवत होती, मी नुसता बसून राहिलो. सून म्हणाली, "आज राहू द्या बाबा." मी तिच्यावर ओरडलो. ओरडायला नको होतं.

मग एकेक शब्द सुटायला लागला. सुनेने लिहून घेतलं.

तांदूळ दिला निवडून, एक खडा ठेवला गं
दाताखाली येईल तेव्हा आईला शिव्या दे गं
बापाच्या कानात लूम बसला, त्याला हाक नको मारू गं

आणि पुढची ओळ यायच्या वेळी शूटिंगवाला वळला तो आंदणाच्या भांड्यांकडे. हंडा, कळशी, कपाट, मिक्सर, सगळं सावकाश दाखवलं. परत हिच्यावर आला तेव्हा धवला संपलेला, ही पदर तोंडाला लावून उभी.

धवल्याच्या ओळी जोडीने येतात. म्हणजे चौथी नक्की होती. आणि ती माझ्याबद्दल होती.

हिच्याबरोबर नेहमी एक जोडीदारीण असायची, हिने म्हटलं की ती मागून झेलायची. आमच्या आळीतच राहते. मी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"भावजी, मांडवाबाहेर धवला बोलायचा न्हाय. तुला काय आज कळलं?"

"म्हणू नको. नुसती सांग."

"सांगितला काय, म्हटला काय. आनी तुझ्या घराला अजून सुतक. वर्ष सरू दे."

"दिवाळीच्या आत पाठवायचं हाय गं बाई."

"मग धाड तिला निरोप वर. तीच सांगेल."

मी उठून आलो. रागाने स्वतःच एक ओळ जुळवली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तिला ऐकवली. "डोळ्यांनीच ऐकतो बाप, त्याला डोळ्यांत पाणी दाव गं." मला ती बरी वाटली होती. ती बाई तांदूळ पाखडायची थांबली.

"ही तुझी हाय."

"हो."

"दिसतंय ना. तिनं तुला एवढं गोड कधी बोललंय का?"

मी घरी येऊन सुनेला ती ओळ खोडायला लावली. हिच्या तोंडी माझे शब्द घालून पुस्तकात छापायचं म्हणजे शूटिंगवाल्याने केलं तेच.

पाठवायची वेळ आली तशी सून म्हणाली, "तुमच्या नावाने टाकू का? सोपं पडेल."

"तिचं नाव टाक."

"पण बाबा, आई..."

"जिवंत पाहिजे असं लिहिलंय का कुठे?"

तिने वरपासून खालपर्यंत वाचलं. तसं लिहिलेलं नव्हतं. नाव हिचं टाकलं, नंबर सुनेचा. तीन ओळी गेल्या. थोड्या वेळाने मोबाईल वाजला. हिच्या नावाने आलं होतं: तुमची कविता मिळाली, धन्यवाद, निकाल कळवू. सुनेने ते मोठ्याने वाचलं आणि आत जाऊन रडली. मी मोबाईल हातात धरून बसलो. हिच्या नावाने शेवटचं जे आलं होतं ते दवाखान्याचं बिल.

दिवाळी गेली. निकाल अजून नाही. वाचणाऱ्यांना वाटेल की धवला तिथेच संपतो, बापाला हाक नको मारू म्हणून. तसा तो संपत नाही, पण हे त्यांना कोण सांगणार? सुनेने मुलीला त्या तीन ओळी वाचून दाखवल्या, तेव्हापासून ती आठवड्यातून दोनदा फोन करते आणि मोठमोठ्याने ओरडून बोलते, तेवढं झालं.

परवा जोडीदारीण वाटेत भेटली. तिच्या नातीचं लग्न ठरलंय, वैशाखात. तोवर आमचं वर्षही सरतं. म्हणाली, "भावजी, मांडवात पुढे येऊन उभा राहा. पाठवणीला तिचाच धवला म्हनते. माझ्या तोंडाकडे बघ म्हनजे झालं."

"येतो," म्हटलं.

पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. गोड ओळ असती तर जोडीदारणीने मला तसा टोमणा मारून हाकललं नसतं. आणि हीही घरी एकदा तरी बोलली असती. मांडवात सगळ्या गावादेखत म्हणायची आणि मला सांगायची नाही अशी ओळ काय असेल? इतके महिने मी तीच मागत फिरलो. आता ती मिळणार, तर पातेल्यांपाशी जाऊन उभं राहावं असं वाटतं.