किंवा तत्सम

"पांढऱ्याला बोट लावू नका, साहेब." तहसीलसमोरच्या माझ्या अर्ज लिहिण्याच्या टेबलावर तो तुटका कनेक्टर ठेवताना त्या गृहस्थांनी प्रथम हेच बजावले. वाचकहो, कनेक्टर म्हणजे मीटरला केबल जोडण्याचा अंगठ्याएवढा धातूचा जोड; आत पांढऱ्या टेफ्लॉनची चकती. ते स्वतः तो दोन बोटांनी कडेला धरत. चहाचा कपही तसाच धरत, आणि सही करताना माझा पेनही.

शिवाराला लागून असलेल्या एका महाविद्यालयात ते प्रयोगशाळा सहायक होते. त्यांची धाकटी बहीण सिद्धेश्वराच्या देवळाकडच्या शेतात निंदणी करताना वीज पडून गेली होती. तेव्हापासून महाविद्यालयाच्या गच्चीवर त्यांनी एक पितळी थाळी टांगली होती. आभाळात वीज साठू लागली की थाळीतून अतिशय बारीक प्रवाह येतो; तो मोजता आला, तर भोंगा वाजवून शेतातल्या माणसांना वेळेत घरी धाडता येईल, असा त्यांचा विचार. मीटर महाविद्यालयात होते. त्याचा मूळ कनेक्टर मात्र तुटला होता.

"हा करंट लई लाजाळू हाय. साधं प्लास्टिक दमट हवेत ओल धरतं, अन् करंट तिथूनच पळून जातो. बोटाचा घामबी त्याला पुरतो. टेफ्लॉनचाच पायजे."

मी दहावीपर्यंतच शिकलो असलो, तरी कार्यालयीन भाषा मला कोणी शिकवावी अशी परिस्थिती नाही. खरेदीचा अर्ज मी लिहिला. त्यांनी सांगितलेले वर्णन जसेच्या तसे उतरवले आणि शेवटी, माझ्या शिरस्त्याप्रमाणे, "किंवा तत्सम" असे जोडले.

"हे काहून?"

"एकाच वस्तूचा हट्ट धरला की अर्ज वापस येतो. वीस वर्षं झाली लिहून राहिलो. तुमी करंट बघा, कागद मी बघतो."

ते हसले. "बराबर. कागद तुमचा."

अर्ज पहिल्याच फेरीत मंजूर झाला. मी त्यांच्याकडून हक्काने पेढे खाल्ले. माल आला तो साध्या प्लास्टिकचा. ते तक्रार घेऊन गेले, तेव्हा खरेदीच्या बाबूंनी माझ्याच अर्जातल्या शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवले.

तरीही त्यांनी तोच जोडला. रोज स्पिरिटने पुसत, केस वाळवायच्या यंत्राने सुकवत. कोरड्या हवेत काटा शहाण्यासारखा वागे. आभाळ भरून आले, म्हणजे नेमकी गरज पडली, की भरकटे. दोनदा त्यांनी भोंगा वाजवला. बाया खुरपी टाकून पळाल्या. वीज काही पडली नाही.

"भाऊ, आभाळ आमालाबी दिसतं," एकीने सुनावले. "तुमचा भोंगा तुमच्यापाशीच ठिवा."

तिसऱ्यांदा काटा हलला, तेव्हा त्यांनी भोंगा वाजवला नाही. त्या दुपारी तीच बाई चिंचेखाली वीज पडून गेली.

मदतीच्या अर्जासाठी तिच्या नवऱ्याला घेऊन ते माझ्याकडेच आले. मी लिहीत होतो, ते उभे होते. अंगठा उठल्यावर त्यांनी हळूच विचारले, "साहेब, यात तत्सम न्हाई ना घातलं?"

मी अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. त्यानंतर ते आले नाहीत. नोकरी सोडून कुठे गेले, हे महाविद्यालयातही कोणाला सांगता येत नाही. थाळी उतरवली गेली आहे.

अर्जाच्या शेवटी "किंवा तत्सम" मी आजही लिहितो. न लिहिल्यास अर्ज परत येतात. तो तुटका नमुना माझ्या टेबलावरच राहिला. नंबर लागेपर्यंत लोक तो उचलतात, चाळवतात. पांढरी चकती आता बोटांनी काळी पडली आहे. मी कोणाला अडवत नाही.