मोडलेल्या मतदारसंघाची चिठ्ठी

शुक्रवारच्या सुट्टीची सकाळ, मस्कतमधलं अल् खुवैर. हजर: मी, नवरा आणि कपाट आवरायला बसवलेली लेक. जुन्या फायलीतून माझी पहिली मतदार चिठ्ठी निघाली. कागदाच्या कुबट वासासरशी मी बाबांच्या टेबलापाशी पोचले.

मतदान केंद्राबाहेर ते गल्लीतल्या प्रत्येकाचं नाव यादीत शोधून द्यायचे. "बोला मॅडम, आडनाव?" मी पहिल्यांदा मत द्यायला गेले तेव्हा त्यांनी मलाच विचारलं. मी लाजले. त्यातला त्यांचा अभिमान आता कळतो.

पुढे फेररचनेत आमच्या उपनगराचा लोकसभा मतदारसंघच मोडला. गल्ली शेजारच्या मतदारसंघात गेली, मी मस्कतला आले. "नव्या यादीत नाव घातलंस?" बाबा शेवटपर्यंत फोनवर विचारत. "इन्शाल्ला," मी इथल्या सवयीने म्हणायचे.

"मम्मा, तुझं नाव आता कुठल्या लिस्टमध्ये?" लेकीने विचारलं.

कुठल्याच नाही. परदेशस्थ मतदाराचा अर्ज मी रोज कामांच्या यादीत लिहिते. आजही लिहिला, भरलेला नाही.